गंबोरो: मरतुक मोजता, बर्सा कधी पाहता? या चुका टाळा

काल संध्याकाळपर्यंत नीट खाणारी चार आठवड्यांची बॅच सकाळी पिसे फुलवून कोपऱ्यात गोळा झालेली दिसते. मागची पिसे पांढरट, पातळ विष्ठेने माखलेली असतात आणि काही पिल्ले स्वतःच्याच गुदद्वाराला चोच मारत असतात. मग मरतुक भराभर चढते आणि पाच-सात दिवसांत तितक्याच वेगाने उतरते. गंबोरोचे, म्हणजे कोंबड्यांच्या या विषाणुजन्य आजाराचे, हे चित्र पोल्ट्रीवाल्याला नवीन नाही. घोटाळा असा होतो की सगळ्यांचे लक्ष त्या रोजच्या आकड्याकडे लागते आणि विषाणू ज्या अवयवात घुसला आहे तो कोणी उघडून पाहत नाही.

तो अवयव म्हणजे बर्सा ऑफ फॅब्रिशियस, क्लोएकाच्या (विष्ठा बाहेर पडते त्या शेवटच्या कप्प्याच्या) वरच्या अंगाला चिकटलेली छोटी पिशवी. तिचा उपयोग काय हे बराच काळ कोणाला ठाऊक नव्हते. १९५६ साली ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांनी दाखवले, की लहानपणी बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या साल्मोनेलाविरुद्ध अँटिबॉडी नीट बनवू शकत नाहीत. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी पक्ष्यात इथेच घडतात, आणि गंबोरोच्या विषाणूला नेमक्या याच अर्धवट घडलेल्या पेशी लागतात. तोंडावाटे शिरलेला विषाणू चार-पाच तासांत आतड्यातल्या पेशींत, तिथून यकृतात आणि साधारण अकराव्या तासाला बर्सात पोचलेला असतो. तिथे वाढून तो पुन्हा रक्तात उतरतो. थायमस, प्लीहा, सीकल टॉन्सिल, डोळ्यामागची हार्डेरियन ग्रंथी या रोगप्रतिकारशक्तीच्या इतर अवयवांनाही झळ बसते, पण थायमस बहुधा लवकर सावरतो. बर्साचा तसा भरवसा नाही.

‘पांढरी हगवण आहे, सल्फा सोडा’

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. हगवण दिसली की कॉक्सी (आतड्यातल्या परजीवीचा आजार) किंवा साल्मोनेला समजून पाण्यात सल्फा गटातले औषध जाते. विषाणूवर प्रतिजैविकाचा काही परिणाम होत नाही, हे सगळ्यांना माहीत असूनही. इथे मात्र औषध फुकट जाण्यापेक्षा मोठे नुकसान होते. गंबोरोत अंगातले पाणी कमी पडल्याने किडन्या सुजतात, त्यात युरेटचा (युरिक आम्लाच्या क्षाराचा) पांढरा खडूसारखा साका भरतो. त्याच किडनीवर सल्फाचा भार टाकला की जगणारे पक्षीही जातात. शिवाय सल्फा जास्त झाला तर स्नायूंत रक्तस्राव होतात, आणि गंबोरोतही मांडी व छातीच्या स्नायूंत रक्ताचे ठिपके, रेघा दिसतात. पुढचे पोस्टमॉर्टेम करणारा मग चक्रावतो. ई. कोलायचा दुय्यम संसर्ग खरोखर झाला असेल तर औषध पशुवैद्यकाने किडनीची अवस्था पाहून निवडावे.

एकच पक्षी फाडणे, तेही उशिरा

बर्सा रोज वेगळी दिसते. संसर्गाच्या तिसऱ्या दिवशी ती सुजू लागते. चौथ्या दिवशी तिचे वजन जवळजवळ दुप्पट झालेले असते, बाहेरून पिवळसर जेलीसारखा थर, पृष्ठभागावर उभ्या रेघा, रंग मलईसारखा. चिरली की आतल्या घड्या जाड झालेल्या असतात, कधी रक्ताळलेल्या. पाचव्या दिवशी ती पुन्हा नेहमीच्या आकारावर येते. इथेच फसगत होते, कारण ‘बर्सा तर ठीक आहे’ असा शेरा नेमका त्या दिवशी मिळतो. आठव्या दिवसापर्यंत ती मूळ वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेली असते.

म्हणून ताजे मेलेले आणि आजारी असे चार-सहा पक्षी उघडा, आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडा. प्रोव्हेंट्रिक्युलस (ग्रंथींचे जठर) आणि गिझार्ड (खाद्य दळणारे जठर) जिथे जुळतात तिथे रक्ताचा पट्टा आहे का बघा. राणीखेत या दुसऱ्या विषाणुजन्य आजारामध्ये रक्त बहुधा प्रोव्हेंट्रिक्युलसच्या ग्रंथींच्या टोकांवर असते. प्रयोगशाळेसाठी बर्साचे दोन भाग करा: एक बर्फात पीसीआरसाठी (विषाणूचा अंश शोधायला), दुसरा फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला). सडलेल्या पक्ष्याची बर्सा पाठवून उपयोग नाही.

‘आमच्याकडे मरतुक नाही, म्हणजे गंबोरो नाही’

तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर पिल्ले बहुधा मरत नाहीत, आजारीही दिसत नाहीत. बर्सा मात्र कायमची खराब होते, आणि माझ्या मते मोठी मरतुक परवडली, हे नको. पुढे राणीखेतची लस देऊन टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी) चढत नाही, ई. कोलाय हटत नाही, यकृताचा इन्क्लुजन बॉडी हिपॅटायटिस किंवा कातडी सडवणारा गँगरिनस डर्मटायटिस डोके काढतो, एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागणारे खाद्य) बिघडतो. दोष खाद्याला किंवा पिल्लांना दिला जातो. १९८० च्या दशकात अमेरिकेत सापडलेले विषाणूचे बदललेले प्रकार (व्हेरियंट स्ट्रेन) तर सूज न आणताच बर्सा आटवतात.

तपासायची सोपी सवय: चौथ्या आठवड्यात काही निरोगी पक्ष्यांची बर्सा आणि प्लीहा शेजारी ठेवून पाहा. या वयात बर्सा प्लीहेपेक्षा ठळक मोठी असायला हवी. लहान असेल तर संशय घ्या. कडक लसही बर्सा थोडी आटवते, त्यामुळे निकाल देण्याआधी लसीचा इतिहास सोबत ठेवा.

लसीचा दिवस कॅलेंडरवरून ठरवणे

पिल्लाच्या अंगात आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतात. त्या जास्त असताना लस दिली तर लसच मारली जाते. फार उतरेपर्यंत थांबलात तर शेडमधला विषाणू आधी पोचतो. ब्रॉयलरमध्ये (मांसाच्या पक्ष्यांत) या अँटिबॉडी साधारण तीन-साडेतीन दिवसांनी निम्म्या होतात, लेअरमध्ये (अंड्यांच्या पक्ष्यांत) सावकाश. समजा एलायझा या रक्ततपासणीत टायटर ४००० आहे. इंटरमीजिएट प्लस ही जास्त कडक लस साधारण ५०० पर्यंतच्या टायटरला भेदून जाते, म्हणजे तीनदा निम्मे होण्याची वाट पाहायची, दहाएक दिवस. नुसती इंटरमीजिएट ही मध्यम लस असेल तर टायटर १२५ च्या आसपास यावा लागतो, म्हणजे आणखी सहा-सात दिवस. पहिल्या तीन-चार दिवसांत टायटर फारसा उतरत नाही, तेही यात मिळवायचे. डेव्हेंटर सूत्र हाच हिशेब मांडते. वीसेक पिल्लांचे रक्त तपासून घ्या, आणि वेगवेगळ्या पेरेंट फ्लॉकची (आई-बापांच्या कळपांची) पिल्ले एकत्र असतील तर एका दिवसावर अवलंबून राहू नका. हॅचरीत इम्यून कॉम्प्लेक्स (अँटिबॉडीत गुंडाळलेली) किंवा व्हेक्टर (दुसऱ्या विषाणूवर बसवलेली) गंबोरो लस टोचलेली असेल, तर ‘सुरक्षेसाठी’ वरून कडक लस पाजू नका. आधी विचारा.

पाजतानाही गडबड होते. क्लोरीनच्या पाण्यात जिवंत लस मरते. पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम्ड दूध पावडर आधी मिसळा, पिल्लांना तास-दीड तास तहानलेले ठेवा आणि दोन तासांत पाणी संपेल इतकेच भरा. लसीचा निळा रंग वापरला असेल तर शेडच्या चारही कोपऱ्यांतली पिल्ले उचलून जिभा पाहा. निपल लाइनच्या (पिण्याच्या पाण्याच्या नळीच्या) शेवटच्या टोकाची पिल्ले बहुतेकदा कोरडी निघतात.

नुसत्या फवाऱ्यावर विसंबणे

या विषाणूला बाहेरचे चरबीचे आवरण नाही. त्यामुळे क्वाटर्नरी अमोनियमसारखी जंतुनाशके एकटी तोकडी पडतात. आम्लालाही तो दाद देत नाही, आणि ५६ अंशांवर पाच तास टिकतो. पक्षी काढल्यानंतर शेडमध्ये तो १२२ दिवस जिवंत सापडला आहे, खाद्य, पाणी आणि विष्ठेत ५२ दिवस. आधी लिटर (जमिनीवरचा भुशाचा थर) पूर्ण बाहेर काढा, घासून धुवा, वाळू द्या, मग ग्लुटराल्डिहाइड, फॉर्मॅलिन किंवा आयोडोफोर वापरा. लिटरमधले काळे किडे विषाणू घेऊन भेगांत लपतात, म्हणून लिटर हलवण्याआधी कीटकनाशक मारा.

साथ चालू असताना

आजारी बॅचला घाईने गंबोरोची लस देऊ नका, तिचा आता उपयोग नाही. ऊब वाढवा, पाण्याची भांडी वाढवा, इलेक्ट्रोलाइट द्या, शेडमध्ये विनाकारण फिरू नका. मेलेले पक्षी दिवसातून दोनदा उचला.

मरतुक उतरल्यावर राणीखेतचा बूस्टर ठरल्या तारखेला उरकून मोकळे होऊ नका. पक्षी खायला लागेपर्यंत थांबा, लस द्या आणि दोन-तीन आठवड्यांनी एचआय टायटर (राणीखेतच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) करून घ्या. तो चढलाच नसेल तर लेअरच्या बॅचला राणीखेतचा पुढचा कार्यक्रम पशुवैद्यकाकडून नव्याने आखून घ्यावा लागेल. ब्रॉयलर असतील तर विक्री किती लवकर करता येईल ते पाहा.