पदवीच्या नोंदी जुळत नव्हत्या, तेव्हा

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात काम करताना, उत्तीर्ण विद्यार्थ्यांची यादी डिजिलॉकरवरील राष्ट्रीय शैक्षणिक भांडारासाठी (पदव्या-गुणपत्रिका डिजिटल स्वरूपात जपणाऱ्या सरकारी व्यवस्थेसाठी) पाठवण्यापूर्वी मी ती प्रवेशनोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा अनेक विद्यार्थी ‘नोंद आढळत नाही’ या शेऱ्याखाली गेले.

प्रथम संशय नावांवर गेला, आणि तो निराधार नव्हता. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. शिवाय लग्नानंतर बदललेले आडनाव आणि रोमन लिपीतील ‘दीक्षित’ची दोन-तीन स्पेलिंगे! म्हणून नावावरून जुळवणी करण्याचा नाद मी सोडला आणि कायम नोंदणी क्रमांक (विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याला देते तो क्रमांक) व जन्मतारीख या दोहोंचाच आधार घेतला.

तरीही काही नोंदी अडल्याच. यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडल्यामुळे काही जुन्या क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गळाली होती. जन्मतारखांत ज्यांचा दिवस बारा किंवा त्याहून कमी होता, त्यांचे दिवस आणि महिने, एक्सेलने पहिला आकडा महिना समजल्यामुळे, मुकाट्याने उलटले होते, आणि हीच चूक सर्वांत फसवी, कारण तारीख दिसायला अगदी बरोबर दिसते. मूळ फाइल पुन्हा घेऊन, क्रमांक व तारीख हे दोन्ही स्तंभ ‘मजकूर’ म्हणून आयात करून आणि जादा रिकाम्या जागा एक्सेलच्या ‘ट्रिम’ या सूत्राने काढून जुळवणी केली, तेव्हा बहुतेक नोंदी जागेवर आल्या. उरलेल्या मात्र मूळ नोंदवही उघडून, एकेक करून, हातानेच तपासल्या.