आकड्यांऐवजी इंदूर: नाटकासाठी तंबोला कसा करावा

हौशी नाटकमंडळाला तालमीच्या जागेचं भाडं आणि लाइटवाल्याचे पैसे उभे करायचे असतील, तर स्मरणिकेसाठी जाहिराती मागत फिरण्यापेक्षा इंदुरी तंबोला बरा. तिकिटावर 1 ते 90 आकडे नसतात. तळलेला गराडू कंद, रंगपंचमीची मिरवणूक म्हणजे गेर, जीरावन मसाला, 'भिया' (भाऊ) ही हाक, असं सगळं इंदूरचं असतं. पुकारणारा नाव घेत नाही, कोडं टाकतो. ओळखलं की खोडायचं.

हॉल, खुर्च्या, माइक यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आधी शहराच्या 40 खुणा निवडा: खाणं, जागा, बोली आणि सणवार, प्रत्येकी 10. बसल्या बसल्या खाण्याच्याच 25 सुचतात, तिथे हात आखडा. कोड्याला उत्तर एकच हवं. 'रात्री खायला कुठे?' याला दहा उत्तरं येतील; 'दिवसा तोळे, रात्री द्रोण' म्हटलं की दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा बाजार असलेला सराफाच. 'खाली तीन दगडी, वर चार लाकडी' म्हणजे होळकरांचा सात मजली राजवाडा. 'पावसात न उघडणाऱ्या छत्र्या' म्हणजे कृष्णपुऱ्यातली होळकरांची स्मारकं. 'नाव लिंबाचं, काम दुधाचं' ही आपली शिकंजी. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) आणि लालबाग राजवाड्याचं बकिंगहॅमछाप फाटक विसरू नका. बोलीतलं 'येऊन राहिलो' (म्हणजे 'येतोय') घ्याच. पुण्याहून आलेली सून समोर असली की ते दुप्पट रंगतं. थट्टा शहराची असावी, कुणाच्या मोहल्ल्याची किंवा आडनावाची नको.

आता तिकिटं. सगळा तंबोला बिघडतो तो इथेच. दहा तिकिटं बनवून त्यांच्या दहा-दहा झेरॉक्स काढा, असा सल्ला हमखास मिळतो. मानू नका. एक तिकीट भरलं की दहा जण एकदम ओरडतात, आणि एका बक्षिसाचे दहा वाटे करताना रंग जातो. शंभर तिकिटं म्हणजे शंभर वेगळी तिकिटं.

ते अवघड नाही. 40 खुणांच्या 40 चिठ्ठ्या करा, पत्त्यांसारख्या पिसा, नऊ-नऊचे चार गठ्ठे वाटा आणि उरलेल्या चार बाजूला ठेवा. प्रत्येक गठ्ठा म्हणजे तीन ओळी, तीन रकान्यांचं एक तिकीट. अशा 25 पिसण्यांत शंभर तिकिटं होतात. कोपऱ्यात पिसण्याचा क्रमांक आणि अक्षर घाला, '7-ख' असं, आणि त्याची एक यादी आपल्याकडे ठेवा. एका पिसण्यातली चार तिकिटं शक्यतो एकाच घराला द्या: त्यांच्यात 36 खुणा येतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कोड्याला त्या घरात कुणीतरी पेन उचलतं.

40 हा आकडाही हट्टाने पाळा. शंभर तिकिटांत पहिलं फुल हाउस (नऊही खुणा खोडलेलं तिकीट) साधारण 25व्या-26व्या कोड्याला येतं. कोड्यामागे दीड मिनिट धरा, खेळ चाळीसेक मिनिटांचा होतो. 24 खुणांवर भागवलंत तर 16व्या-17व्या कोड्यालाच घर भरतं, आणि तेही अनेकदा दोघातिघांचं एकदम.

दुसरी फसगत बक्षिसांची. वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ, जल्दी पाच (कुठल्याही पाच खुणा सर्वांत आधी), ही नेहमीची बक्षिसं ठेवलीत तर चारही 8 ते 11 कोड्यांच्या आत उडतात आणि पुढची पंधरा कोडी लोक मोबाइल बघतात. एकेरी ओळी सरळ काढून टाका. क्रम असा ठेवा (कंसात साधारण कितवं कोडं): जल्दी पाच (8-9), चार कोपरे (13-14), कोणत्याही दोन ओळी (17च्या आसपास), फुल हाउस. दर चार-पाच कोड्यांनी कुणीतरी उठायला हवं. शेवटच्या टप्प्यातलं अंतर मोठं असतं, तिथे एक नाट्यपद घाला.

पुकारायला मंडळातला नट घ्या, निवेदक नको. कोडं टाकल्यावर अर्ध्या मिनिटाने उत्तर फळ्यावर लिहायचंच. नाहीतर फुल हाउस तपासताना वाद होतो.

रोख बक्षीस ठेवू नका. तिकिटाचे पैसे घेऊन रोख वाटली की प्रकरण जुगाराच्या अंगाने जातं. शेवेचे पुडे, जीरावनाचे डबे दुकानदार आनंदाने देतात. मात्र त्या बदल्यात तिकिटावरचा चौकोन मागितला तर नाही म्हणा. खुणांच्या जागी दुकानांची नावं आली की ते जाहिरातीचं पत्रक होतं. फुल हाउसला पुढच्या प्रयोगाच्या पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या द्या.

तिकीट 150 रुपये ठेवलं तर शंभरांचे 15,000 येतात. खर्च 3,000च्या वर जाऊ देऊ नका. जमा किती, त्यातून काय भागणार, हे त्याच फळ्यावर त्याच रात्री लिहा, लोक सराफ्याकडे वळायच्या आत.