'घातलाय' म्हणजे 'हॅव वोर्न' नव्हे

'घालणे म्हणजे वेअर' हे शाळेतच पाठ झालेलं असतं. शिकवणारे तेवढं सांगून पुढच्या शब्दाकडे वळतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नुसते शब्दार्थ घोकून घेणाऱ्या झटपट इंग्रजीच्या पुस्तकांचं तर नावच नको.

'मी निळा शर्ट घातलाय.' मराठीत क्रिया पूर्ण झाली, म्हणून आपण 'आय हॅव वोर्न अ ब्लू शर्ट' म्हणून मोकळे होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा पूर्वी कधीतरी घातलेल्या शर्टाबद्दल बोलतोय. शर्ट आत्ता अंगात असेल तर 'आय ॲम वेअरिंग अ ब्लू शर्ट'. मराठीत 'घातलाय', इंग्रजीत आयएनजी! आता उलटं बघा. 'थांब, बूट घालतोय' याचं 'आय ॲम वेअरिंग माय शूज' केलंत, तर बूट पायात आहेतच, मग थांबायचं कशाला? इथे 'आय ॲम पुटिंग ऑन माय शूज' हवं. पुन्हा सांगतो, कारण ऐन मुलाखतीत हेच निसटतं: बूट चढवायची दोन मिनिटं 'पुट ऑन'ची, नंतरचे आठ तास 'वेअर'चे.

म्हणून निघताना 'पुट ऑन युवर हेल्मेट', पण नियम सांगणाऱ्या पाटीवर 'वेअर अ हेल्मेट' बरोबरच. 'ते घाल' म्हणजे 'पुट इट ऑन'. 'पुट ऑन इट' नाही. काढायला 'टेक ऑफ'. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, तिथे फसू नका.

घाबरायचं कारण नाही, कारण याहून अवघड काम आपण रोज करतो. साडी नेसतो, चष्मा लावतो, गजरा माळतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो. इंग्रजीत हे सगळं एकदा अंगावर आलं की एकटा 'वेअर' पुरतो, अगदी अत्तरालासुद्धा.

घालण्यासाठी इंग्रजीत 'डॉन' असाही शब्द आहे, 'डू ऑन'चं आखडलेलं रूप. काढण्यासाठी त्याचा जोडीदार 'डॉफ', म्हणजे 'डू ऑफ'. बातम्यांचे मथळे आणि दवाखान्यातलं पीपीई किट घालणं-काढणं, एवढ्यापुरतेच ते ठेवा. 'आय डॉन्ड माय सॉक्स' म्हटलंत तर समोरचा हसेल.

आणि पुरुषांनो, 'आय बॉट अ न्यू ड्रेस' म्हणू नका. आपल्याकडे शाळेचा गणवेशही ड्रेसच, पण तिकडे 'अ ड्रेस' म्हणजे बायकांचा झगा.