कोकणात घरगुती मुक्काम ठरवताय? मग या चुका टाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की दापोली, गुहागर, मालवणकडच्या होमस्टेवाल्यांचे फोन खणखणू लागतात आणि जानेवारीत तक्रारींचा पाऊस पडतो. गरम पाणी वेळेवर नाही, रात्री अकराला जेवण नाही, एसी बंद. बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच की बुक केलं घर आणि अपेक्षा ठेवली हॉटेलची. होमस्टे किंवा न्याहारी-निवास म्हणजे मालक तिथेच राहतो, दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतो आणि नाश्ता त्याच्याच चुलीवरून येतो. केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत खोल्यांची मर्यादाच सहा आहे आणि खाटांची बारा. वीस खोल्यांवर ‘होमस्टे’ची पाटी दिसली तर ते लॉज समजा. लॉजमध्ये वाईट काही नाही, फक्त तिथे घरच्या घावण्यांची आशा धरू नका.

नकाशावरचा ठिपका बघून गाव ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कोकण किनाऱ्यावर जागोजागी खाड्या आत शिरल्यात, त्यामुळे नकाशावर बोटभर दिसणारं अंतर गाडीचा अर्धा दिवस खातं.

दर हंगामात घडणारा प्रकार सांगतो. पुण्याचं सहा जणांचं कुटुंब गुहागरात दोन रात्री बुक करतं, कारण तिथली खोली दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाली. बघायचं असतं मात्र दापोलीकडचं: आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मुरुड, कर्दे, आणि संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव. सकाळी गुहागरकडच्या धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी चढवली की पंधराएक मिनिटांत खाडीपलीकडे दाभोळ. काय सोपं! लिलाव रंगतो, पोरं हटून बसतात, कुणाला तरी चहा हवा असतो. दाभोळच्या धक्क्यावर पोचेपर्यंत शेवटची फेरी गेलेली. आता उलट दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर, शंभरावर किलोमीटर, अंधारात, वळणांच्या रस्त्याने. इकडे मालकीणबाईंनी सहा ताटांचा स्वयंपाक करून ठेवलेला. मध्यरात्री पोचल्यावर भात गार, मासे गार. सांगितलेल्या जेवणाचे पैसे द्यावे लागतात, आणि घरी गेल्यावर त्या बिचाऱ्या बाईच्या नावावर एक तारा पडतो.

मालवणकडच्या देवबाग आणि भोगव्याचंही तेच. समोरासमोरची गावं, मध्ये कर्ली नदीचं मुख. होडीने काही मिनिटं, गाडीने नेरूरपारच्या पुलावरून लांबलचक वळसा.

म्हणून आधी काय बघायचं ते कागदावर लिहा, मग खाडीची बाजू ठरवा, आणि खोली त्यानंतर. फेरीवर अवलंबून असाल तर शेवटच्या फेरीची वेळ मुक्कामाच्या मालकालाच विचारा. त्याला ती पाठ असते.

याच्याच पोटातली दुसरी फसगत ‘समुद्र 200 मीटर’ची. अंतर खरं असतं, रस्ता कसला ते लिहिलेलं नसतं. मध्ये जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असेल, गाडी वर रस्त्यालाच ठेवावी लागत असेल, तर गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन ते 200 मीटर दिवसातून चार वेळा करा. विचारायचा प्रश्न असा: “गाडी दारात येते का, आणि गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती?”

“सगळं मिळेल ना?” असं विचारणं

या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या किनारपट्टीवर एकच आहे. मालवणात विचारलंत तर, “होय तर, गावतला सगळा. येवा.” माणूस खोटं बोलत नाही. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर येत नाही, इतकंच. हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्नच टाळा. “काल रात्री पाहुण्यांना जेवायला काय होतं?” असं विचारा, खरं चित्र मिळतं. “वीज गेली तर काय चालतं?” हे “बॅकअप आहे ना?”पेक्षा कितीतरी कामाचं.

विजेचं जरा समजून घ्या. घरोघरी असतो तो 150 अँपिअर-तासांच्या एका बॅटरीचा इन्व्हर्टर. त्यावर दोन पंखे आणि चार दिवे पाच-सहा तास निघतात. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास खातो, तो त्यावर चालत नाही आणि चालवूही नये. मे महिन्यात एसीचे जादा पैसे मोजताना जनरेटर आहे का, एवढं विचारलं की भांडण टळतं. पाण्याचंही मेमध्येच कळतं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी तेव्हा मचूळ होतात, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी कुठून येतं ते विचारून ठेवा. पावसाळ्यात सोलरवर विसंबू नका, गिझर किंवा बंब आहे का बघा.

नुसतं खोलीचं भाडं ताडून बघणं

चार माणसं, दोन खोल्या, दोन रात्री, चार जेवणं. समजा पहिल्या घरी खोली 1800 आणि माशाचं ताट 500. खोल्यांचे 7200, ताटांचे 8000, एकूण 15200. दुसऱ्या घरी खोली 2400 पण ताट 300. खोल्यांचे 9600, ताटांचे 4800, एकूण 14400. ‘महागडं’ घर आठशेंनी स्वस्त पडलं. हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत होतो, पण भाव घासाघीस करणाऱ्या मंडळींना तेवढाही धीर नसतो.

ताटाचा भाव विचारताना मासा कुठला ते विचारा. बांगड्याचं ताट आणि सुरमईचं ताट यांत बराच फरक, आणि सुरमईचा भाव रोज बदलतो. किती जण जेवणार ते आदल्या रात्री सांगा, कारण घरची माणसं सकाळी बाजारात जातात ती मोजून आणतात. उकडीचे मोदक हवेत तर एक दिवस आधी. दुपारी बाराला “मोदक करा ना पटकन” म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः पारी वळून बघावी.

घराचं पंचांग न बघणं

गणपतीत चाकरमानी गावी येतात, त्याच खोल्यांत मालकाचे भाऊ-भावजया राहतात. शिमग्यात पालखी घरी येणार असेल तर घर तुमच्या नाश्त्यासाठी थांबत नाही. श्रावणात बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, इतर महिन्यांत सोमवारीही नाहीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे तेव्हाच्या ‘ताज्या सुरमई’कडे जरा संशयाने बघा. खाडीचे मासे, सुकी मासळी, रानभाज्या मिळतील, आणि त्या काळात त्याच खाव्यात. मालवणकडचे वॉटर स्पोर्ट्स आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. त्यासाठीच जाणार असाल तर जुलैतली सवलत काय कामाची?

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या.

रिव्ह्यूतले तारे मोजू नका, तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले गेल्या वर्षीचे तीन-तारेवाले अभिप्राय वाचा. खरं काय ते तिथे असतं.

संडास-बाथरूम खोलीला लागून की अंगणापलीकडे, हे फोटोवरून ठरवू नका.

रेंज नसली की यूपीआयही नसतं, दोन दिवसांची रोकड खिशात हवी.

आणि आगाऊ पैसे. फोटो उचलून खोट्या जाहिराती टाकणारे सुट्ट्यांत हमखास निघतात, दर कमी आणि घाई फार. “आत्ता भरा, नाहीतर खोली जाईल” ऐकलं की फोन ठेवा. खरा मालक दोन मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर अंगण, खोली आणि नळाचं पाणी दाखवतो. तेवढ्यात मागून कुणीतरी “कोण आहे रे?” म्हणून ओरडलं, तर निम्मा आगाऊ खुशाल पाठवा, उरलेले पोचल्यावर.