कोर्टात केस जिंकायचीय? मग या चुका टाळा

सोलापुरात सूत, टॉवेल, चादरीची बरीच उधारी शब्दावर चालते आणि पैसे अडकले की पहिला सल्ला ठरलेला, "चारशेवीस टाक, लगेच वठणीवर येतोय बघ." इथंच गाडं फसतं. नुसते पैसे थकले म्हणजे फसवणूक होत नाही, माल उचलतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं आणि फौजदारीत वाजवी शंका राहिली तरी आरोपी सुटतो. दिवाणीत मात्र दोघांपैकी कुणाचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे एवढं बघतात. (आणि 1 जुलै 2024 नंतरच्या गुन्ह्याला 420 कलम लागतच नाही, जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते 318 झालंय, पण कट्ट्यावर कोण ऐकतंय!) पोलिस स्टेशनच्या चकरा मारता मारता वसुलीच्या दाव्याची 3 वर्षांची मुदत निघून जाते ते वेगळंच.

चेक बाउन्समध्ये तर तारखांचाच खेळ. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आला की 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला 15 दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. आपले लोक काय करतात, पार्टी म्हणते "गड्डा यात्रा होऊ दे, देतो" आणि हे थांबतात. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीला झाला तर नाही. पण चेकची 3 महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो परत भरा, परत बाउन्स झाला की नवा मेमो, नवे 30 दिवस. पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवा, उलटतपासात पहिला प्रश्न "नोटीस मिळालीच नाही" असाच येतो.

जमिनीचं म्हणाल तर मोहोळ असो की बार्शी, सातबारा फडकवून कोर्टात येणारे भरपूर. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे, मालकी ठरते खरेदीखत, वाटप, वारसा यावर. तलाठ्यानं फेरफार ओढला म्हणून बहिणीचा हिस्सा उडत नाही.

मोबाइलमधलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकून दिलं की झालं, असंही वाटतं. सोबत ते रेकॉर्डिंग कुठल्या उपकरणातून कसं घेतलं याचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, जालन्याच्या निवडणूक वादात सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये हे स्पष्ट केलंय.

समन्स घेऊन येणारा कोर्टाचा बेलिफ दिसला की मागच्या दारानं पळणारे पण आहेत. समन्स दारावर चिकटवता येतं, मग दावा एकतर्फी चालतो. तसा निकाल लागलाच तर तो रद्द करायला 30 दिवसांत अर्ज द्या.

निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाका, नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत. जिल्हा कोर्टात दिवाणी अपील 30 दिवसांत, हायकोर्टात 90. आणि हायकोर्टासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून सोलापूरच्या केसेस कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.