जर्मनीत बाळंतपणापूर्वीचे ॲक्युपंक्चर: कोणी, कधी आणि कसे घ्यावे

जर्मनीत बाळंतपण व्हायचे असेल, तर शेवटच्या दोन महिन्यांत हेबामे, म्हणजे तिथली परवानाधारक सुईण, ॲक्युपंक्चरविषयी विचारण्याची बरीच शक्यता असते. गरोदर बाईला सुया टोचायच्या ही कल्पनाच आपल्याकडे दचकवणारी असल्याने काही जणी घाबरून नाही म्हणतात, तर काही जणी सगळ्याच घेतात म्हणून हो म्हणतात. त्याऐवजी या उपचाराने काय साधते, हे आधी समजून घ्यावे. मानहाइमच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९० च्या दशकात याचा अभ्यास झाला आणि पहिलटकरणींच्या कळांचा काळ सरासरी सुमारे दोन तासांनी कमी झाल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदवले. मात्र कॉक्रेन या वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात, ज्यात कळा सुरू करण्यासाठी केलेल्या ॲक्युपंक्चर व ॲक्युप्रेशरच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, सिझेरियनचे प्रमाण घटल्याचे स्पष्ट दिसले नाही. गर्भाशयाचे तोंड मऊ होण्यास थोडी मदत होत असावी, एवढेच हाती लागले. तेव्हा ‘सुया घेतल्या की नॉर्मलच होणार’ असे कोणी सांगितल्यास ते कानाआड करावे.

उपचार सहसा छत्तिसाव्या आठवड्यात सुरू करून प्रसूतीपर्यंत आठवड्यातून एकदा घेतात. घोळ होतो तो मोजणीत. मुटरपास या तपासणी-वहीत ३५+३ असे लिहिलेले असेल, तर ३५ आठवडे पूर्ण होऊन वर तीन दिवस झालेले असतात, आणि तिथल्या भाषेत छत्तिसावा आठवडा चालू असतो; भारतातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलताना मात्र त्यालाच ‘पस्तीस आठवडे’ म्हटले जाते. म्हणून तोंडी आकडा न सांगता वही पुढे करावी. यातील काही बिंदू कळांना चालना देणारे मानले जात असल्यामुळे ठरल्या वेळेच्या आधी घाई करू नये.

सुया पोटावर नव्हे, तर पायांवर लावतात: गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेरच्या अंगाला, त्याच्या जरा वर बाहेरच्या हाडाच्या टोकाखाली, आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर, आणि पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी. करंगळीची सुई चांगलीच झोंबते, हे आधीच माहीत असलेले बरे. इतर ठिकाणी बोथट जडपणा किंवा मुंग्या जाणवतात. सुया २० ते ३० मिनिटे ठेवतात. गुडघ्यापर्यंत वर सरकेल अशी सैल सलवार घालावी आणि काहीतरी खाऊन जावे. संकष्टीचा उपास असेल, तर तारीख बदलून घ्यावी, कारण रिकाम्या पोटी भोवळ येऊ शकते. पाठीवर सपाट झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब उतरतो, म्हणून टेकून बसावे किंवा कुशीवर राहावे. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच नको.

वार (प्लॅसेंटा) खाली असणे, रक्तस्राव, मुदतपूर्व कळा किंवा वाढलेला रक्तदाब यांपैकी काही असेल, अथवा रक्त पातळ करणारी हेपारिनची इंजेक्शने चालू असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या स्पष्ट संमतीविना सुया घेऊ नयेत. सिझेरियन आधीच ठरले असेल, तर या उपचाराचे प्रयोजनच उरत नाही. सुईणीची नेहमीची सेवा सरकारी आरोग्य विम्यात येते, तरी या सुयांचे पैसे बहुधा आपणच भरावे लागतात. काही विमासंस्था अंशतः परतावा देतात, म्हणून पहिल्या भेटीआधीच लेखी विचारणा करावी.

सुया चालू आहेत म्हणून नेहमीची एकही तपासणी टाळू नये. बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर पुढच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या प्रसूती विभागाला फोन करावा. तारीख उलटून ४१ आठवडे पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी औषधाने कळा आणण्याविषयी बोलणे काढले, तर ‘अजून एकदा सुया घेऊन पाहू’ म्हणून तो निर्णय लांबवू नये.