जनावराचे अंग बाहेर येते? या चुका टाळा

चार-पाच वेते झालेली गाय किंवा म्हैस गाभणकाळाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बसली की निरणातून (योनीच्या बाहेरच्या तोंडातून) योनीचा लिंबाएवढा गुलाबी गोळा डोकावतो. उठली की आत जातो. ‘आपोआप जातंय की’ म्हणून सोडून देणे ही पहिली चूक. दर वेताला योनीभोवतीचे स्नायू आणि बंध ताणले जातात, ते पूर्वीइतके घट्ट होतीलच असे नाही. त्यात विण्याच्या तोंडावर संप्रेरकांमुळे ते आणखी सैलावतात. बाहेर आलेल्या भागाला शेण लागते, सूज चढते, सूज खुपते म्हणून जनावर कुंथते आणि कुंथल्याने आणखी भाग बाहेर येतो.

दुसरी चूक गोठ्याच्या जमिनीत असते. उभ्या जनावराच्या पोटातले ओझे पोटाच्या तळावर पेलले जाते. बसले की तेच ओझे, भरलेले कोठीपोट (जनावराचे सर्वांत मोठे पोट) आणि वासरू धरून, मागे कटीत, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीत, सरकते. मूत वाहून जावे म्हणून दिलेला मागचा उतार इथे नडतो. अशा जनावराची मागची बाजू 10 ते 15 सेंटीमीटर उंच राहील अशी माती भरून चांगली चोपून घ्या. वैरण तेवढीच ठेवा, पण चार-पाच वेळा विभागून द्या. शेण घट्ट होऊ देऊ नका. दूध आटवल्यानंतर खुराक वाढवून जनावर लठ्ठ करू नका, कटीत चरबी साठली की दाब वाढतो.

गोळा बोटांनी ढकलणे धोक्याचे. सुजलेले अस्तर बोटाच्या टोकाने सहज फाटते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून त्याने धुवा आणि हात लावायचाच तर तळव्याने. गोळा आत जात नसेल तर लघवी तुंबली आहे का पाहा, कारण बऱ्याचदा मूत्राशयच त्यात अडकलेले असते. दोन्ही तळव्यांवर गोळा अलगद वर उचलून धरला की मूत्रनळीची मुरड सुटते, लघवी मोकळी होते. वारंवार बाहेर येत असेल तर पशुवैद्यक शेपटीच्या बुडाशी भूल देऊन निरणाला टाका घालतात. तो विण्याआधी काढायला विसरले तर निरण फाटते, वासरूही दगावते. म्हणून जनावर भरवल्याची (रेतन केल्याची) तारीख गोठ्यातच लिहून ठेवा: गाय साधारण 280 दिवसांनी विते, म्हैस 310.

विल्यानंतर काही तासांत मोठे, लोंबणारे, बटणांसारख्या गाठींचे अंग दिसले तर ती योनी नव्हे, गर्भाशय आहे. जनावराला चालवू नका, आतली रक्तवाहिनी तुटून ते जागीच मरू शकते. बाहेर आलेले गर्भाशय स्वच्छ ओल्या चादरीत गुंडाळून उचलून धरा आणि पशुवैद्यकांना त्याच क्षणी बोलवा. कॅल्शियमची कमतरता किंवा वासरू जोराने ओढणे ही यामागची नेहमीची कारणे. ओढायचे ते कळ आल्यावरच, कळ थांबली की थांबायचे.

योनी बाहेर येण्याचा त्रास पुढच्या वेतातही बहुधा पुन्हा होतो आणि तो वंशात उतरू शकतो, त्यामुळे अशा गाईची कालवड पैदाशीसाठी राखू नका.